सील शाबूत, सूर गायब

आदरणीय साडूभाऊ यांस,

साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी गुडघे वाकवायला डॉक्टरांनी सध्या बंदी घातली आहे, तेव्हा उरलेल्यांचा स्वीकारावा.) इकडे सर्व ठीक. तुमची प्रकृती, तुमचा रक्तदाब आणि तुमचा राग हे तिन्ही आटोक्यात असावेत अशी इच्छा आहे. सौ. आक्कांना नमस्कार सांगावा आणि त्यांची पाठ कशी आहे ते कळवावे. तुमच्या मेव्हणीची पाठ उत्तम आहे, पण सध्या ती बहुतेक वेळ माझ्याकडे केलेली असते. त्याचं कारण पुढे येईलच.

परवा तुमचा फोन आला होता. उत्तर फोनवरच देणार होतो, पण तुम्ही मला 'हे पाहा साडूभाऊ' याच्यापुढे जाऊ देत नाही, म्हणून पत्र लिहितो आहे. पत्राचं एक बरं असतं, समोरचा कितीही लाल झाला तरी पुढचं वाक्य येतंच. तर तुमचं म्हणणं मला जसं समजलं तसं मांडतो. तुमची एकुलती एक मुलगी, आपली भिंगरी, तुम्ही आमच्याकडे अभ्यासाला ठेवलीत. लेखापालाची परीक्षा पास होऊन तिनं तुमच्या ऑफिसात तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसावं, हा हेतू. ती नापास झाली. त्यानंतर तुम्ही एकदा फोन केलात तेव्हा मागे काहीतरी टुणटुण वाजत होतं. त्याअर्थी मी घरात वाद्य आणून तुमच्या मुलीचं वाटोळं केलं, आणि म्हणून येत्या रविवारी तुम्ही येऊन तिला कायमची घेऊन जाणार. यातली परीक्षा खरी, नापास होणं खरं, टुणटुणसुद्धा खरी. पण तुम्ही ही मोट बांधलीत कशी, तिथे माझं डोकं चालत नाही. निकाल आधी लागला, वाद्य नंतर आलं. नंतर आलेली वस्तू आधी घडलेल्या गोष्टीला कारण कशी होते, हे तुमच्यासारख्या हिशेबाच्या माणसानं माझ्यासारख्या वजनमापाच्या माणसाला एकदा समजावून सांगावं.

भिंगरीला आमच्याकडे ठेवताना तुम्हीच म्हणाला होतात की आमच्या घरात आवाज नाही. मला तेव्हा ते कौतुक वाटलं. आमच्या घरात आवाज नाही हे खरंच आहे. मूलबाळ नाही, कोणी येणारं-जाणारं नाही. भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करतं म्हणून हिनं ते आधी स्वयंपाकघरात नेलं, तिथून ते कपाटात गेलं, आणि आता वेळ कपाट उघडून बघावी लागते. आम्ही नवराबायको भांडतो तेसुद्धा हलक्या आवाजात, कारण मोठ्यानं भांडावं असा मुद्दाच सापडत नाही. अशा घरात अभ्यास झाला नाही तर कुठे होणार, हे तुमचं गणित चूक नव्हतं. तरी ती नापास झाली. त्या दिवशी तुम्ही तिच्याशी फोनवर बराच वेळ बोललात. तिनं फोन ठेवला. मग खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. (कडी लावली नव्हती. तुम्ही काळजी करू नये म्हणून मुद्दाम लिहितो.) त्यानंतर ती पानावर येऊन बसायची आणि उठून जायची, ताटातलं ताटात राहायचं. शांततेची सवय आम्हाला आहे, पण त्या दिवसांतली शांतता आम्हालासुद्धा सोसवेना. असो. हा मुद्दा वाद्याचा नाही, ओघात लिहिला गेला. वाद्याकडे येतो.

बाजारामागच्या गल्लीत एक बाई जुन्या वस्तू विकतात. त्यांच्याकडे बिनशिक्क्याचे पितळी तराजू टांगलेले आहेत अशी आमच्या कार्यालयात तक्रार आली. आमचं काम तुम्हाला ठाऊक आहे. दुकानांतली वजनंमापं तपासायची, बरोबर असतील तर तारेनं आणि शिशाच्या गोळीनं सीलबंद करायची, नसतील तर उचलून आणायची. मी गेलो. बाई म्हणाल्या, हे शोभेचे तराजू आहेत, यात कोणी काही तोलत नाही. मी म्हटलं, तराजू दिसला की माणूस तोलल्याशिवाय राहत नाही. त्या म्हणाल्या, मग तुम्हीच तोला. आता काय तोलावं ते सुचेना, म्हणून शेजारी खिळ्याला टांगलेली एक वस्तू उचलली. ती वस्तू म्हणजे युकुलेले. (पत्र मोठ्यानं वाचत असाल तर आक्कांना सांगा की तुमची जीभ अडखळलेली नाही, नाव तसंच आहे. गिटारचं शेंडेफळ म्हणा. चार तारा, आणि आकारानं मोठ्या पपईएवढं.)

इथे माझी फसगत झाली ती अशी. माझा जन्म वजनं उचलण्यात गेला. वस्तू बघितली की हात आपोआप तेवढ्या तयारीनं जातो. या वाद्याला मी डोळ्यांनी जेवढं वजन ठरवलं होतं त्याच्या निम्मंही हाताला लागलं नाही. हात जो वर गेला तो थेट वर टांगलेल्या कंदिलाला जाऊन भिडला, कंदील हलला, वाद्य कंदिलावर घासलं आणि चारही तारा एकदम वाजल्या. वाजल्या त्या वाजतच राहिल्या. मला, कसं सांगू, कुणीतरी आतून दार उघडल्यासारखं वाटलं. मी बाईंना विचारलं, हे जुनं आहे का? म्हणाल्या, जुनं आहे. किती जुनं? तर म्हणाल्या, माझ्याकडे आलं तेव्हाच जुनं होतं. चांगलं आहे का? तर म्हणाल्या, वाईट असतं तर एवढं जुनं झालं असतं का? मी इतकी दुकानं तपासली, पण खोटं न बोलता काहीच न सांगणारा दुकानदार पहिल्यांदा पाहिला.

मग मी ते रीतसर तपासायला घेतलं. लाकूड गडद तांबूस, पाठीवर एक चीर, ती कुणीतरी आतून लाकडाच्या चिपा चिकटवून सांधलेली. पोटावरच्या गोल भोकाभोवती बारीक नक्षीची कडी, त्यातला एक तुकडा उडालेला. भोकाला नाक लावलं तर जुन्या कपाटाचा वास. आणि दांडीवर, जिथे बोटं दाबायची तिथे, पट्ट्यांमधल्या वरच्या दोनतीन घरांत लाकूड चक्क खोलगट झालेलं. आमच्या खात्यात झिजलेलं वजन बाद. झिजलं म्हणजे खोटं झालं, वाद नको. बाई मात्र म्हणतात, झिजलंय तेच बघा, कुणीतरी मन लावून वाजवलंय. मी झिजेवर बोट ठेवलं. बोट त्यात बरोबर बसलं. एवढ्यात कंदिलाचा ओरखडा माझ्या नजरेला पडला. आपण नुकसान केलं तर भरून द्यावं, या तत्त्वावर मी ते विकत घेतलं. किंमत चांगल्या चपलांच्या जोडाएवढी, म्हणजे तुम्ही समजता तशी उधळपट्टी नव्हे. (नंतर उजेडात पाहिलं, ओरखडा मुळातलाच होता. कंदिलाच्या काचेलासुद्धा काही झालं नव्हतं.)

घरी आल्यावर हिनं विचारलं, हे काय? सांगितलं. मग विचारलं, कशाला? इथे मी जरा गडबडलो. नुकसानभरपाई म्हटलं तर ही हसली असती, म्हणून म्हटलं, गुंतवणूक आहे, जुनी वाद्यं महाग होत जातात. ही म्हणाली, मग सोनं का नाही घेतलंत? तेव्हा म्हटलं, भिंतीवर शोभेला. घड्याळाची जागा रिकामीच आहे. ही म्हणाली, भिंतीला खिळा ठोकलात तर बघा. शेवटी म्हटलं, गुडघ्यांसाठी. हातांना काम असलं की पाय स्वस्थ राहतात. यावर हिनं जी पाठ फिरवली ती अजून तशीच.

आता मुद्दा सुरांचा. भिंगरीनं नंतर मला मोबाइलवर सूर तपासायचं ॲप घालून दिलं. (नंतर म्हणजे कधी ते पुढे सांगतो, आधीच निष्कर्ष काढू नका.) पण सुरुवातीला मी एकटाच होतो. पहिली गोष्ट ही ध्यानात आली की तारांचा क्रमच चुकलेला आहे. वाद्य छातीशी धरलं की वरची तार बारीक, तिच्या खालची सगळ्यांत जाड, मग मध्यम, मग परत बारीक. साडूभाऊ, जगातल्या कुठल्याही वजनांच्या पेटीत मोठ्यापासून लहानापर्यंत उतरता क्रम असतो. इथे ही वरची बारीक तार कानामागून आली आणि तिखट झाली. अर्थात दोष, आणि दोष दिसला की दुरुस्त करणं हे माझं काम. मासे धरायचं सामान विकणाऱ्याकडून गळाची जाड दोरी आणली. त्यानं विचारलं, कोणता मासा? मी म्हटलं, अजून ठरलेलं नाही. ती दोरी वर चढवली. क्रम एकदम शिस्तीत आला. आवाज मात्र असा यायला लागला की आपले सासरे पानावर बसण्याआधी घसा खाकरायचे त्याची आठवण व्हावी. हिनं स्वयंपाकघरातून दचकून पाहिलं.

त्याहून मोठा ताप खुंट्यांचा. जुन्या वाद्याला आजच्यासारखे दातेरी पेच नसतात, खुंटी नुसती लाकडात दाबून बसवलेली असते आणि घर्षणावर राहते. म्हणजे आपण सूर लावायचा आणि खुंटीनं आपली पाठ वळायची वाट बघायची. तेव्हा मी जे केलं ते कोणत्याही जबाबदार निरीक्षकानं केलं असतं. चारही सूर बरोबर लावले, खुंट्यांमधून तार ओवली, शिशाची गोळी दाबून सील केलं. (सरकारी शिक्का नव्हे, नवीन लोकांना शिकवायला असतो तो सरावाचा. तुम्ही कायद्याची भाषा सुरू कराल म्हणून खुलासा.) वाद्य तपासलं, योग्य ठरलं, सीलबंद केलं, वर्षभर बघायला नको. मग ते भिंगरीच्या खोलीबाहेरच्या स्टुलावर ठेवलं. तिथे का, असं विचाराल. घरात दुसरीकडे जागा नव्हती.

संध्याकाळी येऊन पाहतो तर सील शाबूत आणि सूर गायब! हे मला समजेना. तराजू सीलबंद असताना खोटा झाला तर दोनच शक्यता असतात, दुकानदारानं काहीतरी केलं किंवा निरीक्षक खोटा. दुकानदार घरात नव्हता. मी हिच्याकडे बघितलं. ही म्हणाली, माझ्याकडे काय बघता? मी सील परत केलं, आणखी आवळून. दुसऱ्या दिवशी तेच. दुपारी ऊन चढलं की सूर चढतात, गार पडलं की उतरतात, हे मला आता ठाऊक आहे. लाकूड फुगतं, आक्रसतं. पण तेव्हा माझी झोप उडाली. सील लावून एखादी वस्तू आहे तशी राहणार नसेल तर माझी आजवरची नोकरी कशासाठी झाली? ऑफिसात एका किराणा दुकानदाराच्या वजनाकडे मी इतका वेळ बघत बसलो की तो आपणहून चूक कबूल करायला लागला. त्याचं वजन बरोबर होतं.

आणि मग एक दिवस सील तुटलेलं सापडलं. नेलकटरनं कापलेलं, सफाईदार. शिशाची गोळी स्टुलावर नीट ठेवलेली, जणू पोच. वरची जाड तार गायब, तिच्या जागी पूर्वीची बारीक परत आलेली. मी चौकशी सुरू केली. हिचा जबाब घेतला, तर म्हणाली, मी भाजी चिरत होते. भिंगरीला विचारायला तिच्या दाराशी गेलो, पण सीलतोडीबद्दल कसं विचारावं ते जमेना, तसाच परत आलो. सील परत लावलं. परत तुटलं. परत लावलं, परत तुटलं. गुन्हेगार सराईत होता.

एकदा गुडघा धरला म्हणून ऑफिसातून लवकर सुटलो. जिना चढताना आमच्याच दारातून वाजल्याचं ऐकू आलं. तुम्ही फोनवर ऐकलीत ती टुणटुण नव्हे. चार तारा एकदम, खालून वर, वरून खाली, आणि ती वरची बारीक तार दर वेळी मध्येच चमकून जायची. मी जी दोष म्हणून काढली होती, तीच. त्यात कुणीतरी गात होतं, आणि मध्ये चुकलं की दोघीजणी हसत होत्या. दुसरी कोण हे ओळखायला मला थोडा वेळ लागला. हिला इतक्या मोठ्यानं हसताना मी फार दिवसांत ऐकलेलं नव्हतं. मी जिन्यातच बसलो. गुडघ्यामुळे. वाजवणं थांबल्यावर उठून घंटी वाजवली.

भिंगरीनं दार उघडलं, हातात वाद्य तसंच. लपवलं नाही. म्हणाली, "काका, ती वरची तार बारीकच हवी. तीच तर गंमत आहे. शाळेत एक बाई शिकवायच्या." मी म्हटलं, क्रम चुकतो. म्हणाली, "चुकत नाही, तो असाच असतो." मी म्हटलं, आणि सूर रोज उतरतात ते? म्हणाली, "मग रोज लावायचे." बस्स, एवढंच. मग तिनं ते ॲप दिलं, खुंट्या किती दाबून फिरवायच्या ते दाखवलं, आणि माझ्या बोटांना धरून एक सूरमेळ (चारही तारा एकदम वाजवायच्या तो) शिकवला. माझी बोटं त्या खोलगट घरात पुन्हा बसली. आवाज बरा आला. (हे वाद्य मुळात चांगलं आहे, साडूभाऊ. एवढासा जीव, पण खोली भरते. त्या बाईंनी मला फसवलं नाही, हे मला अजून खरं वाटत नाही.)

आता ती जेवते. पुस्तकं परत टेबलावर आली आहेत. त्यातलं एक उघडं असतं, ते वाचण्यासाठी की वाद्याखाली ठेवण्यासाठी, हे मी तपासलेलं नाही. ती परीक्षेला परत बसणार का हे विचारलं तर म्हणते, माहीत नाही. मलाही माहीत नाही. वाद्यामुळे पुस्तकं आली की पुस्तकं येणारच होती, हेही माहीत नाही. मला फक्त एवढं माहीत आहे की तुमचं 'वाद्यानं वाटोळं केलं' हे वाक्य कोणत्याही काट्यावर ठेवलं तरी भरत नाही. बाकी तुम्ही सुज्ञ आहात, वडील आहात, आमच्यापेक्षा मोठे आहात. मला लहानाला समजलं तेवढं लिहिलं. लोभ जसा आहे तसा राहिला तरी पुरे, वाढवण्याची गडबड नाही.

तुमचा,
साडू

ता. क. रविवारी येणार असालच तर येताना युकुलेलेच्या तारांचा एक संच आणावा. इकडे मिळत नाहीत. गळाची दोरी नको.

ता. क. दुसरा. वरचं लिहून झाल्यावर लक्षात आलं की तुम्ही तिला न्यायला येणार, मग तारा कुणासाठी? मला एकच सूरमेळ येतो. तारांचं राहू द्या.

ता. क. तिसरा. भिंगरीनं बॅग भरली आहे. विचारलं तर म्हणते, बाबा म्हणतील तसं. हे म्हणताना ती कुणाकडे बघत नाही. आज सकाळी तिनं वाद्य पुसून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, काका, तुमचंच आहे. साडूभाऊ, मी इतका वेळ हे-ते लिहिलं, पण मागायचं एवढंच होतं. तिला नेऊ नका. पास होईल याची हमी मी देऊ शकत नाही, मी कशाचीच हमी देऊ शकत नाही, पण तिला नेऊ नका.

ता. क. (माझा नव्हे, हिचा.) भाऊजींना नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. ह्यांनी वाद्य का आणलं याची इतकी कारणं लिहिलीत, त्यातलं एकही खरं नाही. पोरगी खोलीत होती तेव्हा हे रोज तिच्या दाराशी जाऊन उभे राहायचे आणि काय बोलावं ते न सुचून परत यायचे. मग हे वाद्य घेऊन आले, तिच्या दाराबाहेर ठेवलं आणि तिच्याकडे न बघता ऑफिसला गेले. माझी पाठ वळलेली असते ती हसू येतं म्हणून. सीलचंही खोटं. तिनं पहिलं तोडलं त्या दिवशी ती हसली हे मी ह्यांना सांगितलं, तेव्हापासून हे रोज सकाळी ऑफिसला जाताना मुद्दाम सैल सील लावून जातात आणि ती रोज तोडते. आक्काला आणि तुम्हाला रविवारी जेवायला बोलावलं आहे. जेवायला या. न्यायला येऊ नका.

हिचा वरील मजकूर तपासला. बरोबर आहे.